टेरियर पाळू इच्छिणाऱ्या पुतण्यास

चि. अनिरुद्ध,

जॅक रसेल जातीचे पिल्लू आणण्याचा तुझा मनसुबा पत्रावरून कळला. परंतु हा प्राणी मुळात कोणत्या कामगिरीसाठी घडविला गेला, याची चौकशी तू केलेली दिसत नाही, म्हणून बयाणा देण्यापूर्वीच हे लिहीत आहे.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील जॉन रसेल हा पाद्री धर्मोपदेशाइतकाच मृगयेतही रमणारा गृहस्थ. ऑक्सफर्डला विद्यार्थिदशेत असताना, १८१९ साली, एका गवळ्याजवळ त्याने ट्रम्प नावाची पांढरी, डोळ्यांवर व कानांवर तांबूस ठिपके असलेली कुत्री पाहिली आणि तत्काळ विकत घेतली; तीच या कुळाची मूळमाता मानली जाते. घोडेस्वारांबरोबर दौडावे, कोल्हा बिळात शिरताच आपणही आत शिरावे, आणि त्यास ठार न करता भुंकून भुंकून बाहेर पिटाळावे, एवढीच रसेलची अपेक्षा. म्हणून पाय लांब आणि छाती माणसाच्या दोन्ही पंजांच्या विळख्यात मावेल इतकी अरुंद. आणि भूमीखालच्या अंधारात धनी सोबत नसल्याने निर्णय स्वतःच घ्यावयाचा, म्हणून स्वभाव निर्भय व कमालीचा हट्टी. मौज अशी, की १८७३ साली स्थापन झालेल्या केनेल क्लबच्या आद्य सभासदांत असूनही स्वतःची कुत्री प्रदर्शनात मांडण्याचे त्याने टाळले. १८८३ मध्ये तो वारला, आणि क्लबाच्या दफ्तरी त्याच्या कुत्र्यांच्या वंशाची नोंद झाली ती थेट १९९० साली, ‘पार्सन जॅक रसेल टेरियर’ या नावाने. सौंदर्यस्पर्धेतून इतकी वर्षे सुटल्यामुळेच तिचा कामसूपणा टिकला, असे माझे मत आहे.

आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला, चित्रातला निपर हा कुत्राही टेरियर कुळातलाच. पण त्या चित्रातील स्वस्थतेवर भुलू नकोस.

तू दिवसभर कचेरीत, आणि बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. उकरणे ज्याच्या रक्तात आहे त्यास कोंडून ठेवलेस, तर तो गाद्या उसवील, कुंड्या उपशील, भुंकून शेजाऱ्यांस हैराण करील, आणि त्यात अपराध त्याचा नसेल. त्यास सकाळ-सायंकाळ मनसोक्त दौड हवी, लपविलेली वस्तू वासावरून शोधण्याचे खेळ हवेत. घेणारच असशील, तर पिल्लाच्या आईबापांचे डोळे व कान पशुवैद्याने तपासल्याची खातरजमा कर. नेत्रभिंग निखळणे आणि जन्मजात बहिरेपणा हे दोष या कुळात आढळतात.

दिवसाचे किती तास तू खरोखर घरी असतोस, ते उलट टपाली कळव. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझा
काका