गॅस बंद केल्यानंतरचा स्वयंपाक

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातील गाव मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. सभोवारची जमीन काळी असून कपाशी, सोयाबीन, तूर, ज्वारी व हरभरा ही तेथील नेहमीची पिके होत. अशा गावी जळणाचा अगदीच दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या यांचे ढीग घरोघरी रचलेले असतात. तथापि ज्या घरी गॅसची शेगडी आली, तेथील गृहिणीस पुन्हा धुरात बसावेसे वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजनेचा आरंभ झाल्यानंतर पुष्कळ शेतमजुरांच्या घरीही सिलिंडर पोहोचला. अडचण उभी राहते ती तो संपल्यावर. हाती पैसा नसेल तर नवा सिलिंडर येईपर्यंत चूल पेटते, आणि तेवढे दिवस घरातील बाया व लहान मुले यांच्या डोळ्यांत व छातीत पुन्हा धूर जातो. म्हणून एक सिलिंडर आणखी काही दिवस कसा पुरवावा, हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही.

यावर एक जुना व बिनखर्ची उपाय आहे. अन्नाला उकळी आणून द्यावी, गॅस बंद करावा, आणि पातेले कुटाराच्या पेटीत झाकून ठेवावे. उरलेली शिजवण पेटीत आपोआप होते.

उष्णता कोठे खर्च होते

एक किलो पाणी एक अंशाने तापविण्यास जी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. त्या हिशेबाने 30 अंशांवरील एक लिटर पाणी उकळीस येण्यास सुमारे 70 किलोकॅलरी लागतात. पण तेच एक लिटर पाणी उकळवून त्याची वाफ करावयाची झाल्यास 540 किलोकॅलरी लागतात, म्हणजे साडेसात पटींहून अधिक. उघड्या पातेल्यात वरण रटरटत असताना पेलाभर, म्हणजे 150 मिलिलिटर, पाणी उडून गेले, तर त्यात 81 किलोकॅलरी गेल्या. ज्या उष्णतेत एक लिटर पाणी नव्याने उकळले असते, त्याहून जास्त उष्णता छपराकडे निघून गेली. गृहिणी वरून आणखी पाणी घालते आणि तेही पुन्हा तापवावे लागते.

डाळ किंवा तांदूळ शिजण्यास पाण्याने खदखदलेच पाहिजे असे नाही. दाणा भिजून मऊ होण्यास 85 ते 95 अंशांची उष्णता काही वेळ टिकली म्हणजे पुरे होते. मोठ्या ज्वाळेने उकळते पाणी अधिक तापत नाही, फक्त वाफ अधिक होते. म्हणून उकळी येईपर्यंत विस्तव हवा व त्यानंतर पांघरूण हवे.

आपल्या आजीला हे ठाऊक होते. मातीची चूल स्वतः तापलेली असे. विस्तव ओढून घेतल्यावरही वैलावरील भांडे बराच वेळ शिजत राही आणि फुफाट्याजवळ ठेवलेले दूध उशिरापर्यंत गरम राही. गॅसच्या शेगडीत उष्णता धरून ठेवणारे असे काहीच नाही. ज्योत विझली की चहूबाजूंनी वारा लागून पातेले निवू लागते. चुलीने जे काम नकळत केले, ते गॅस आल्यावर पेटीकडून करवून घ्यावयाचे आहे.

ही युक्ती इतर देशांतही वापरली गेली आहे. 1867 च्या पॅरिस येथील प्रदर्शनात नॉर्वेची अशी उष्णतारोधक पेटी मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात इंधन अपुरे पडल्याने इंग्लंडमधील गृहिणींना वाळलेल्या गवताने भरलेली खोकी वापरण्यास सांगण्यात आले. अमेरिकेतील इंडियाना राज्यात शेल्बीव्हिल येथे चेंबर्स कंपनीने तर शेगडीच्याच भिंती उष्णतारोधक केल्या व ‘गॅस बंद करून शिजवा’ अशी तिची जाहिरात केली. आपल्याकडे 1910 मध्ये कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी थोड्या कोळशावर चालणारा इकमिक कुकर तयार केला. त्याच जातीचा सराई कुकर पुण्याच्या आरती या संस्थेने प्रचारात आणला असून त्यात सुमारे 100 ग्रॅम कांडी कोळशावर कुटुंबाचा वरणभात होतो. चेंबर्सची शेगडी वजनदार होती व आपल्याला ती नको आहे. तिच्या भिंतींचे काम आपले कुटार करील.

पेटी कशी करावी

बर्फाची लादी लाकडाच्या भुशात व पोत्यात गुंडाळून आणतात, हे सर्वांनी पाहिले आहे. भुसा बर्फाला थंडी देत नाही. त्यात अडकलेली स्थिर हवा बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही, इतकेच. तीच हवा आतली उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. आंब्याची आढी आतून उबदार राहते तीही याच कारणाने.

जुनी लाकडी पेटी, मोठे खोके किंवा घट्ट विणीची टोपली घ्यावी. ती एवढी मोठी असावी की मध्ये पातेले ठेवल्यावर तळाशी व सर्व बाजूंनी चार बोटे नव्हे, तर अर्धी वीत जागा उरेल. चार बोटे जाडीने काम भागते असे वाटते, पण भागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी पहिली पेटी अशीच काटकसरीने केली होती आणि पहिल्या दिवसाचे वरण कच्चेच राहिले. आतून स्वच्छ बारदानाचे अस्तर द्यावे. खताची किंवा कीटकनाशकाची पोती कितीही धुतली तरी या कामी कधीही घेऊ नयेत.

भरावासाठी गव्हाचे कुटार उत्तम होय. सोयाबीनचे कुटार टोचरे असते व त्याची धूळ उडते. तेच वापरावयाचे असल्यास जुन्या लुगड्याच्या पिशव्यांत शिवून घालावे. रुई उष्णता फार चांगली धरते, परंतु ती महाग आहे व ठिणगी लागताच पेटते. कुटार दाबून बसवावे, पण इतके नव्हे की त्यातील हवाच निघून जावी. मधोमध नेहमीचे पातेले ठेवून त्याच्या आकाराचा खळगा करावा. झाकणावर ठेवण्यासाठी कुटार भरलेली जाड उशी शिवून घ्यावी, कारण उष्णता वरच्या बाजूनेच अधिक निसटते. ओले कुटार निरुपयोगी असल्याने आठवड्यातून एकदा सर्व भराव उन्हात घालावा व हंगामागणिक तो बदलावा. तसे न केल्यास उंदीर व झुरळे वस्तीला येतात. काढलेले कुटार स्वच्छ असेल तर गुरांना घालता येते, म्हणजे चाराही वाया जात नाही.

काय किती वेळ ठेवावे

पातेले निदान दोनतृतीयांश भरलेले असावे. दोन माणसांचे पावशेर वरण मोठ्या गंजात घालून पेटीत ठेवल्यास ते शिजण्याआधीच निवते. सहा-सात माणसांच्या घरी पेटीचा लाभ सर्वांत अधिक, कारण मोठा साठा हळू थंड होतो. वाफ उडत नसल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी घालावे. झाकण घट्ट बसणारे हवे.

भातास उकळी आल्यावर झाकण ठेवून पाच मिनिटे मंद आचेवर ठेवावे व नंतर तासभर पेटीत ठेवावे. तुरीची डाळ तासभर भिजवून घ्यावी, दहा ते पंधरा मिनिटे उकळावी व पेटीत दोन ते तीन तास ठेवावी. मटकी, चवळी, हरभरा ही कडधान्ये रात्रभर भिजवून पंधरा मिनिटे उकळल्यावर तीन ते चार तास घेतात. ज्वारीच्या कण्यांना भिजवणीनंतर दहा मिनिटांची उकळी व दोन ते तीन तास पुरतात. बटाटे तासा-दीड तासात होतात. मटण मोठे तुकडे न ठेवता अर्धा तास चांगले उकळूनच पेटीत घालावे. भाकरी, पोळी, फोडणी व तळण ही कामे पेटीची नव्हेत. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी वरण, मग भात उकळवून पेटीत जावा आणि त्या वेळात तव्यावर भाकरी व्हाव्यात.

घेवड्याच्या वाळलेल्या दाण्यांविषयी, म्हणजे राजम्याविषयी, एक सूचना कटाक्षाने द्यावयाची आहे. त्यात एक विषारी द्रव्य असते, ते पूर्ण उकळीनेच नष्ट होते. अर्धवट ऊब मिळाल्यास अपाय अधिक होतो. हे दाणे भिजवून, ते पाणी टाकून द्यावे व नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळावे. त्याशिवाय ते पेटीत घालू नयेत.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील पाण्यात डाळ शिजत नाही, ही तक्रार जुनी आहे. पाण्यातील क्षारांमुळे डाळीचे कवच व गर घट्ट राहतात. तेथे पेटी दोष देणारी ठरू नये म्हणून डाळ साठविलेल्या गोड पाण्यात भिजवावी व तेच पाणी शिजविण्यास वापरावे, आणि चिंच, टोमॅटो किंवा आमसूल शिजल्यावरच घालावे. आंबटपणानेही डाळ कडक राहते. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने ती लवकर मऊ होते खरी, पण त्याने ब जीवनसत्त्वातील काही भाग नाश पावतो. सवय लावू नये.

ज्यांच्या घरी प्रेशर कुकर आहे त्यांनी पेटी टाकून द्यावी असे नाही. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते. पहिली शिट्टी झाली की गॅस बंद करावा, वाफ निघणे पूर्ण थांबू द्यावे व मग कुकर सरळ उभा पेटीत ठेवावा. पुढच्या शिट्ट्यांचा गॅस वाचतो. शिट्टी वाजत असताना कुकरवर कसलेही पांघरूण घालू नये.

चार तासांची मर्यादा

अशा पेट्यांची स्तुती करताना काही जण सांगतात की सकाळी वरण ठेवा आणि संध्याकाळी खा. आमच्या मते हा सल्ला चुकीचा आहे. अन्न 60 अंशांखाली आले व तसेच कोमट राहिले म्हणजे त्यात रोगजंतू झपाट्याने वाढतात. शिजलेल्या भातातील काही जंतूंचे विष तर पुन्हा तापवूनही जात नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर याचा धोका अधिकच. चार तासांच्या आत अन्न खावे किंवा पेटीतून काढून पुन्हा पूर्ण उकळी आणावी. मध्येच झाकण उघडून ‘झाले का’ म्हणून पाहू नये. प्रत्येक उघडण्याने काही अंश जातात.

कपाशी वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी आठच्या सुमारास शेतावर जातात. उकळी आणलेल्या वरणाची पेटी बैलगाडीतून बरोबर नेल्यास बाराच्या आत धुऱ्यावर गरम जेवण मिळते. रात्रीच्या जेवणासाठी मात्र परत आल्यावर नव्याने उकळी आणावी लागते. भाजून भाकरी होईतो भात पेटीत तयार होतो.

आपली पेटी किती टिकते हे अंदाजाने ठरवू नये. नेहमीच्या पातेल्यात काठोकाठ उकळते पाणी भरून पेटीत ठेवावे व चार तासांनी उघडून तापमान पाहावे. दूध संकलन केंद्रावर थर्मामीटर असतो, तो धुऊन वापरता येईल. 65 अंशांहून कमी आढळल्यास भराव वाढवावा, विशेषतः वरची उशी.

आगीपासून सावधगिरी

पेटी शेगडीपासून व चुलीपासून निदान चार हात दूर असावी, आणि ती कधीही ज्योतीवर किंवा शेगडीच्या कट्ट्यावर ठेवू नये. चुलीवरून उतरविलेल्या पातेल्याच्या बुडाला निखारा चिकटलेला असू शकतो. तो पेटीत गेला तर कुटार धुमसत राहते व आग तासाभराने भडकते, तोवर घरचे लोक शेतावर गेलेले असतात. म्हणून भांड्याचे बूड पाहून, ओल्या फडक्याने पुसूनच ते आत ठेवावे. गॅसवर शिजविणाऱ्या घरी हा धोका कमी आहे, पण पातेले पेटीत ठेवण्याआधी शेगडीचे बटण व रेग्युलेटर दोन्ही बंद करण्याची सवय लावावी.

लाभ मोजून पाहणे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या सभेत केवळ व्याख्यान देऊ नये. आधी स्वतःच्या घरी महिनाभर पेटी वापरावी. नंतर गावातील दोन-तीन कुटुंबांत मोजमाप करावे. कापूस मोजण्याचा काटा यासाठी पुरेसा आहे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावरच कोरलेले असते व भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. रेग्युलेटर काढून टोपी लावल्यावर सिलिंडर काट्यावर ठेवावा व वजन वहीत लिहावे. पहिले दोन आठवडे नेहमीप्रमाणे स्वयंपाक करू द्यावा, पुढील दोन आठवडे पेटी वापरावी. जेवणारी माणसे तीच असावीत, पाहुणे आले तर तो आठवडा सोडून द्यावा. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी काटा करावा. घरची गृहिणी स्वतः आकडे वाचील असे पाहावे, कारण पेटी ठेवावी की टाकावी हे तिनेच ठरवावयाचे आहे. तिने ती ठेवली तर शेजारणीला दाखविण्याचे काम तीच करील.