सावत्र नाती आणि इंग्रजी कागद

नात्यांच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. चुलता, मामा, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा या चौघांना आपण चार निरनिराळ्या नावांनी ओळखतो. इंग्रजी माणूस चौघांनाही ‘अंकल’ म्हणून मोकळा होतो. सावत्र नात्यांच्या बाबतीत मात्र ही परिस्थिती नेमकी उलटते. आपल्याकडे ‘सावत्र’ या एकाच विशेषणात जी नाती सामावली जातात, त्यांची इंग्रजीत स्पष्ट विभागणी झालेली आहे. ती न जाणता केलेले भाषांतर वारसाच्या चौकशीपासून निवृत्तिवेतनाच्या अर्जापर्यंत अनेक ठिकाणी घोटाळा निर्माण करते.

सातारा व सांगली या जिल्ह्यांना हा विषय विशेष जवळचा आहे. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा होईपर्यंत यातील बराच भाग एकाच जिल्ह्यात होता. येथील अनेक घरांत सैन्याची परंपरा आहे. खानापूर, विटा, आटपाडी या भागांतील गलाई व्यावसायिक देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरले आहेत. परप्रांतातील बँक, शाळा किंवा सैन्याचे अभिलेख कार्यालय यांच्याशी होणारा त्यांचा व्यवहार बहुधा इंग्रजीत चालतो आणि त्यासाठी लागणारा दाखला मात्र गावातून जातो.

प्रथम शब्दांचे मूळ पाहू. ‘सावत्र’ आणि ‘सापत्न’ हे शब्द सवतीशी, म्हणजे संस्कृत ‘सपत्नी’शी निगडित आहेत. एका पुरुषाच्या दोन बायका असलेल्या घरातून ते आले. इंग्रजी ‘स्टेप’ या उपपदाचा मूळ अर्थ पोरके होणे असा आहे. आई वा वडील गमावलेल्या मुलाला पुढे मिळालेले पालक, ही त्यामागची कल्पना. म्हणूनच ‘स्टेप’ने जोडलेले नाते रक्ताचे नसते, ते केवळ विवाहामुळे निर्माण होते. वडिलांची दुसरी पत्नी ही स्टेपमदर, आईचा दुसरा पती हा स्टेपफादर. जेथे आई किंवा वडील यांपैकी एकजण समान असतो, तेथे भावंडे अर्ध्या रक्ताची ठरतात आणि त्यांना ‘हाफ-ब्रदर’, ‘हाफ-सिस्टर’ असे म्हणतात. मराठीत दोन्ही प्रकारची भावंडे सावत्रच.

साताऱ्याच्या गादीचा इतिहास शिकविताना शिक्षकांना या भेदाचा प्रत्यय येईल. छत्रपती संभाजी महाराज हे सईबाईंचे पुत्र, तर राजाराम महाराज सोयराबाईंचे. वडील एकच असल्यामुळे ते परस्परांचे ‘हाफ-ब्रदर’ होत. त्यांना ‘स्टेपब्रदर’ म्हणणे चुकीचे आहे. सोयराबाई मात्र संभाजी महाराजांच्या ‘स्टेपमदर’च. हेच नाते पुढच्या पिढीत कोल्हापूरला पुन्हा दिसते. राजाराम महाराजांच्या राण्यांपैकी ताराबाईंचे पुत्र शिवाजी आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी हे हाफ-ब्रदर, तर ताराबाई या दुसऱ्या संभाजींच्या स्टेपमदर. 1731 मध्ये वारणेच्या तहाने ज्यांनी आपल्या राज्यांची सीमा ठरविली, ते साताऱ्याचे शाहू महाराज व कोल्हापूरचे हे संभाजी महाराज चुलत बंधू होते. परंतु त्यांचे वडील अर्ध्या रक्ताचे भाऊ असल्याने काटेकोर इंग्रजीत ते ‘हाफ-कझिन’ ठरतात.

दत्तकाची गोष्ट निराळी आहे. साताऱ्याचे शहाजी तथा आप्पासाहेब महाराज यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने 1848 मध्ये नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. तो पुत्र ‘अडॉप्टेड सन’ होता, ‘स्टेपसन’ नव्हे. दत्तकाने मूल विधिवत घरचे होते; केवळ आईच्या पुनर्विवाहाने तसे होत नाही.

आता आजच्या घराचे एक कल्पित उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातील एका विधवेला पहिल्या पतीपासून झालेला मुलगा आहे. तिने एका विधुराशी विवाह केला. त्यालाही पहिल्या पत्नीची मुलगी आहे. पुढे या दोघांना एक मुलगा झाला. आईबरोबर आलेला मुलगा व वडिलांची मुलगी ही स्टेपब्रदर आणि स्टेपसिस्टर. त्यांच्यात रक्ताचा संबंध मुळीच नाही. धाकटा मुलगा मात्र दोघांचाही हाफ-ब्रदर. अशा घराला अलीकडे इंग्रजीत ‘ब्लेंडेड फॅमिली’ म्हणतात. आपल्याकडे म्होतूर किंवा पाट लावण्याची चाल असलेल्या समाजांत अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. नाव तेवढे नवे.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 याहून एक पाऊल पुढे जातो. पिता समान व माता भिन्न असल्यास ते अर्धे रक्त. माता समान व पिते भिन्न असल्यास ते एकोदर रक्त. हा भेद शाब्दिक नाही. अधिनियमाच्या अनुसूचीत भाऊ व बहीण या शब्दांमध्ये एकोदर भावंडांचा समावेश नाही. वरील घरातील पती मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीस पत्नी, मुलगी व धाकटा मुलगा हे वारस होतात. पत्नीचा पहिला मुलगा होत नाही, मग त्याने घरची शेती वीस वर्षे कसलेली असो. उलट, पत्नी मृत्युपत्राविना वारली, तर तिचे दोन्ही मुलगे व पती वारस होतात. पतीची मुलगी ‘मुलगी’ म्हणून त्यांच्या बरोबरीने येत नाही; मुले वा पती कोणीच नसल्यास ती पतीची वारस या नात्याने येऊ शकते. स्त्रीच्या वारसांमधील ‘मुलगा’ या शब्दात सावत्र मुलगा येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये लछमनसिंग विरुद्ध कृपासिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. वारसांची चौकशी करताना सर्वांपुढे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘सन’ असे लिहिणे किती महाग पडू शकते, हे यावरून लक्षात यावे.

मात्र सावत्र नाते कायद्याला सर्वत्र परके आहे असेही नव्हे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 यातील आई-वडिलांच्या व्याख्येत जन्मदाते, दत्तक घेणारे आणि सावत्र असे तिन्ही प्रकार येतात. तेव्हा प्रत्येक अर्जाच्या वेळी त्या त्या कायद्याची व्याख्या पाहणे इष्ट होय.

बोलीतील काही शब्दांचे शब्दशः भाषांतर टाळावे. ‘थोरली आई’, ‘धाकटी आई’ ही घरातील मायेची व मानाची संबोधने आहेत. त्यांचे ‘बिग मदर’ किंवा ‘यंगर मदर’ असे रूपांतर परप्रांतीय अधिकाऱ्यास काहीच सांगत नाही. सख्खा भाऊ सांगण्यासाठी ‘रिअल ब्रदर’ऐवजी ‘फुल ब्रदर’ हा शब्द योग्य. ‘स्टेपमदर’ आणि ‘मदर-इन-लॉ’ यांचीही गल्लत होऊ नये. दुसरी सासू होय. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर आपल्या सावत्र आईस ‘मदर-इन-लॉ’ म्हणतो हे खरे, पण तो वापर आता लोपला आहे. भाषणांतून व निवेदनांतून हमखास डोकावणारी ‘स्टेपमदरली’ वागणूकही मर्यादेत ठेवलेली बरी. दुसऱ्याचे मूल जीव लावून वाढविणाऱ्या कितीतरी स्त्रिया आपल्या गावांत आहेत.

शाळाप्रवेशाच्या वेळी हा प्रश्न अधिक नाजूक होतो. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नोंदींत नावानंतर आईचे नाव लिहिण्याची पद्धत महाराष्ट्रात लागू झाली आहे. जन्मनोंदीत जन्मदात्रीचे नाव असते. वडिलांच्या दुसऱ्या विवाहाने ते आपोआप बदलत नाही. सांभाळ करणाऱ्या सावत्र आईचे नाव पालक म्हणून घ्यावयाचे झाल्यास ते पालकाच्या रकान्यात, नाते स्पष्ट करून लिहावे. मुलाला कायद्याने आपले करून घ्यावयाचे असेल, तर 2022 च्या दत्तक नियमावलीत सावत्र पालकांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्याबाबतची माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे मिळू शकते. मुलाला मात्र त्याचे नाते सर्व वर्गासमोर विचारू नये. पालकांना बाजूस बोलावून विचारावे.