एका चित्रपटाची शुद्ध प्रत
(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात मी एक टिपण लिहिले होते. तैवानचा दिग्दर्शक एडवर्ड यांग याच्या ‘ए ब्रायटर समर डे’ या १९९१ सालच्या चित्रपटाविषयी ते होते. ‘चार तासांच्या या चित्रपटात निम्मा वेळ पडद्यावर काळोख आहे; दिग्दर्शकाला प्रकाशयोजनेचे भान नाही,’ असा शेरा मी त्यात मोठ्या ऐटीत मारला होता. ते टिपण वाचून आमचे एक सर एवढेच म्हणाले, “अगं, तू चित्रपटावर लिहिलं नाहीस, वाळवी लागलेल्या पोथीवर लिहिलंस. रविवारी घरी ये.”

त्या रविवारी मी जे पाहिले, त्यानंतर ते टिपण माझ्या मनाला लागून राहिले. प्रस्तुत लेख ही त्या टिपणाची जाहीर दुरुस्ती आहे. त्याचबरोबर, जगभर विखुरलेले काही रसिक एखाद्या जुन्या चित्रपटाच्या चांगल्या तबकडीसाठी वर्षानुवर्षे वाट का पाहतात, या प्रश्नाचा थोडा अभ्यासही आहे.

प्रथम दिग्दर्शकाविषयी. एडवर्ड यांग १९४७ साली शांघायमध्ये जन्मला आणि तैपेई शहरात वाढला. शिक्षणाने तो विद्युत अभियंता. अमेरिकेत त्याने पुढील शिक्षण घेतले आणि काही वर्षे सिअ‍ॅटल येथे संगणकक्षेत्रात नोकरी केली. तिथे वेर्नर हेर्त्झोग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘अगिरे’ पाहून त्याने पुन्हा चित्रपटाची वाट धरली, असे सांगतात. तैवानला परतल्यावर १९८३ ते २००० या काळात त्याने पूर्ण लांबीचे अवघे सात चित्रपट केले. शेवटच्या ‘यी यी’ला २००० साली कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. २००७ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले.

सातच चित्रपट, आणि तेही धड पाहायला मिळत नाहीत, अशी स्थिती कितीतरी वर्षे होती. ‘तैपेई स्टोरी’ (१९८५) या चित्रपटासाठी त्याचा मित्र आणि स्वतः थोर दिग्दर्शक असलेल्या होउ श्याव्-श्येन याने आपले घर गहाण टाकले, त्यात मुख्य भूमिकाही केली. आणि तो चित्रपट तैपेईत चार दिवसांत उतरला. ज्या कलावंताला त्याच्या गावातच प्रेक्षक मिळाला नाही, त्याच्या चित्रपटांची जपणूक कोण करणार? ती केली ती दूरदूरच्या रसिकांनी, आणि तीही हाताला लागेल त्या प्रतीवर.

आता ‘ए ब्रायटर समर डे’कडे वळते. १९६१ साली तैपेईच्या रस्त्यावर एका शाळकरी मुलाने एका मुलीचा खून केला. यांग त्या वेळी तेरा वर्षांचा होता. त्या घटनेने शहर किती हादरले ते त्याने पाहिले होते, आणि तीस वर्षांनी त्यावर त्याने २३७ मिनिटांचा चित्रपट रचला. १९४९ साली चीनच्या मुख्य भूमीवरून लाखो माणसे तैवानला आली. ‘आज ना उद्या परत जाऊ’ या आशेवर राहिली. आणि लष्करी कायद्याच्या धाकात त्यांची मुले मोठी झाली. तो कायदा १९८७ साली उठला. म्हणजे हा चित्रपट त्यानंतर चारच वर्षांनी आला. चित्रपटातला बाप सज्जन सरकारी नोकर आहे. गुप्त पोलीस त्याला नेऊन दिवसरात्र जबानी लिहायला लावतात, आणि परतलेला माणूस पूर्वीचा राहत नाही. त्याचा मुलगा रात्रशाळेत जातो, टोळ्यांच्या भांडणात ओढला जातो, एका मुलीवर प्रेम करतो. शेवटी त्याच मुलीवर तो सुरी चालवतो.

या कथेत प्रकाश ही केवळ तांत्रिक बाब नाही. चित्रपटाची सुरुवातच अंधारात पेटणाऱ्या एका दिव्याने होते. शाळेच्या शेजारी चित्रपटाचा स्टुडिओ आहे; तिथून हा मुलगा एक विजेरी चोरतो. ती विजेरी घेऊन तो काळोखात डोकावत राहतो. त्या उजेडात त्याला जे दिसते ते त्याला समजत मात्र नाही. खुनाच्या आधी तो ती विजेरी स्टुडिओतच ठेवून जातो. मध्यंतरी वादळाच्या रात्री वीज गेलेली असताना एका टोळीचे लोक दुसऱ्या टोळीवर चालून जातात. ते सगळे हत्याकांड मेणबत्त्यांच्या आणि विजेरीच्या उजेडात घडते. तेव्हा वाचकहो, ज्या चित्रपटाचा विषयच ‘कोणाला किती दिसते’ हा आहे, त्याविषयी मी ‘काही दिसत नाही’ म्हणून तक्रार केली होती!

परंतु माझी चूक केवळ उतावळेपणाची नव्हती. मी पाहिलेली प्रत कुठल्याशा जुन्या व्हीसीडीवरून उतरवलेली होती आणि ती मी फोनच्या पडद्यावर पाहिली होती. व्हीसीडीच्या चित्रात आडवे ३५२ आणि उभे २४० ठिपके असतात. म्हणजे सुमारे ८४ हजार. ब्लू-रे तबकडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. हा फरक जवळजवळ पंचवीस पटींचा झाला. शिवाय चित्र थोड्या जागेत बसवण्यासाठी त्यातला तपशील गाळावा लागतो, आणि गाळणी सर्वांत आधी लागते ती काळोख्या भागाला. काळ्यातले करडे, करड्यातले तांबूस हे सारे एका डांबरी चौकोनात जमा होते. उजेडातला विनोदी चित्रपट अशा प्रतीतही तग धरील. यांगचा हा चित्रपट धरत नाही.

सरांच्या कपाटात तीच व्हीसीडी होती. एका तबकडीत सव्वा तासाच्या आतबाहेरच चित्र मावते, म्हणून या एका चित्रपटाला चार तबकड्या. सर आणि त्यांचे एक ग्रंथपाल मित्र, दोघांनी मिळून ती मिळवली होती. २००९ साली त्यांच्या कानावर बातमी आली, की मार्टिन स्कॉर्सेसी यांनी स्थापन केलेल्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून या चित्रपटाचा जीर्णोद्धार केला आहे आणि ते काम इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत झाले आहे. दोघांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. आता तबकडी येणार, सहा महिन्यांत येईल, फार तर वर्षभरात. प्रत्यक्षात अमेरिकेतील क्रायटेरियन कंपनीची तबकडी आली ती मार्च २०१६ मध्ये. सात वर्षे! सरांचे मित्र २०१४ साली गेले. त्यांनी हा चित्रपट त्या चार काळवंडलेल्या तबकड्यांवरच पाहिला.

जीर्णोद्धार होऊनही तबकडी यायला वेळ का लागतो? याची कारणे सर्वसाधारणपणे अशी असतात. चित्रपटाचे हक्क निर्माता, वितरक, वारस यांच्यात वाटलेले असतात आणि प्रत्येक देशाचा करार वेगळा करावा लागतो. गाण्यांचे हक्क निराळे. या चित्रपटात तर मुले एल्विस प्रेस्लीची गाणी गातात आणि चित्रपटाचे इंग्रजी नावही त्याच्याच एका गाण्यावरून आले आहे. मग उपशीर्षके नव्याने तपासायची, पुस्तिका लिहवून घ्यायची. खपणार किती, तर काही हजार. म्हणून अशा छोट्या, निवडक प्रकाशन करणाऱ्या संस्था एकेक पाऊल जपून टाकतात.

या संस्थांचा वाचक, म्हणजे प्रेक्षक, हीही एक न्यारी जमात आहे. क्रायटेरियनने १९८४ साली ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ यांच्या लेझर तबकड्यांनी सुरुवात केली आणि ‘किंग काँग’च्या तबकडीवर अभ्यासकाचे निवेदन सोबत देण्याची प्रथा पाडली. आज तिच्या प्रत्येक तबकडीच्या पाठीवर क्रमांक असतो; ‘यी यी’चा ३३९, ‘ए ब्रायटर समर डे’चा ८०४. रसिक ते क्रमांक पाठ म्हणतात. नव्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनी एक व्यंगचित्र प्रसिद्ध करते. त्यात वर्षभरात येणाऱ्या चित्रपटांच्या खुणा दडवलेल्या असतात. एखाद्या कोपऱ्यातली छत्री कोणत्या दिग्दर्शकाची, यावर ही मंडळी आठवडाभर वाद घालतात. प्रथम मला याचे हसू आले. मग आठवले, की आपल्याकडेही आवडत्या दिवाळी अंकाची जाहिरात आली की त्यात कोण लिहिणार याचे तर्क घरोघर चालत.

मराठीच्या विद्यार्थिनीला या सगळ्यात परके वाटावे असे काही नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती का? पाठभेदांनी मूळ अर्थ झाकोळला होता म्हणून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेव्हाही एक पिढी वाट पाहतच होती. चित्रपटाचा जीर्णोद्धार हे त्याच जातीचे काम आहे. २३७ मिनिटांच्या चित्रपटात ३ लाख ४१ हजारांहून अधिक चौकटी असतात. त्यांवरचे ओरखडे, डाग, उडालेले रंग पाहत जायचे. या चित्रपटाची सुमारे तीन तासांची एक आखूड आवृत्तीही फिरत होती. तेव्हा कोणता पाठ प्रमाण मानायचा हाही प्रश्न होताच.

पाठचिकित्सेचे धोकेही इथे तसेच आहेत. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाई याने आपल्या चित्रपटांचे नवे संस्करण २०२० च्या सुमारास स्वतःच्या देखरेखीखाली केले. त्यात रंग पालटले, ‘फॉलन एंजल्स’ची तर चौकटच रुंद झाली. अनेक जुने रसिक नाराज झाले. लेखकाने उतारवयात आपली कादंबरी फिरवून लिहिली, तर पहिली आवृत्ती रद्द होते का? माझ्या मते होत नाही. दोन्ही उपलब्ध हव्यात. यांगच्या बाबतीत विचारायला यांग नाही. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्यावर जबाबदारी अधिक, आणि त्याने आपली पद्धत पुस्तिकेत सांगून ठेवणे अधिक अगत्याचे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो मी स्वतःलाच विचारते. अमेरिकेत अशा एका तबकडीची छापील किंमत चाळीस डॉलरच्या घरात. ब्लू-रे तबकड्यांना प्रदेशांची कुलपे असतात. अमेरिका आणि तैवान ‘ए’ विभागात, भारत ‘सी’ विभागात. म्हणजे पैसे मोजून आणलेली तबकडी इथल्या यंत्रावर चालेलच असे नाही. सरांची तबकडी त्यांच्या धाकट्या भावाच्या बॅगेतून बदामांच्या पुड्यांबरोबर आली, आणि सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारे यंत्र त्यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर शोधले. हे किती जणांना जमावे? मी पाहिलेली प्रत चोरीची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती नसती तर यांगचे नावही मला कळले नसते. चोरीची प्रत ओळख करून देते. तिच्या बळावर निर्णय मात्र देऊ नये. इतका विवेक मला तेव्हा नव्हता.

हा प्रश्न फक्त तैवानचा नाही. १९९३ साली लंडनमधील प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह होरपळल्या. २०१५ साली त्यांचा जीर्णोद्धार पुरा झाला. पुण्यात काही काळ शिकवून गेलेल्या ऋत्विक घटक यांचा ‘तिताश’ आणि उदय शंकर यांचा ‘कल्पना’ हे दोन्ही चित्रपट स्कॉर्सेसींच्या त्याच उपक्रमात सुधारले गेले आणि क्रायटेरियनच्याच संचांतून अनुक्रमे २०१३ व २०२२ साली निघाले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून ते भरले; आणि तरीही २००३ च्या आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. जळालेल्या फितीसाठी कोणी कितीही वाट पाहिली, तरी तबकडी येत नाही.

तर, त्या रविवारी. सरांनी आधी व्हीसीडी लावली; वादळाच्या रात्रीचा तोच प्रसंग. काळ्या पडद्यावर आरडाओरडा. मग काही न बोलता त्यांनी दुसरी तबकडी घातली. तोच प्रसंग. या वेळी काळोखात पावसाने भिजलेली माणसे होती, विजेरीच्या वर्तुळात एक चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर क्रौर्य नव्हते, भीती होती. ती भीती माझ्या प्रतीत नव्हती. ती नव्हती म्हणून शेवटचा खून मला अकारण वाटला होता. चार तास कसे गेले ते कळले नाही. शेवटी सर म्हणाले, “त्याला हे दाखवायचं राहिलं.” ते मित्राविषयी बोलत होते, हे मला घरी जाताना लक्षात आले.

२०२५ साली यांगचे ‘ए कन्फ्यूशियन कन्फ्यूजन’ आणि ‘माहजाँग’ हे दोन चित्रपट एका संचात निघाले. सरांचा भाऊ येईल तेव्हा ते येतील. तोवर आम्ही दोघेही वाट पाहत आहोत. दरम्यान, ग्रंथालय समितीला माझी एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत, आणि त्या असाव्यातच. त्यांच्या शेजारी एक यंत्र आणि वर्षाला चार चांगल्या तबकड्या ठेवता येणार नाहीत का? पहिल्या वर्षी यातली एक तबकडी सर द्यायला तयार आहेत. भित्तिपत्रकातील माझे जुने टिपण मी परत घेत आहे.