अमेरिकेत मुलीला हायस्कूल सॉफ्टबॉल खेळायचंय? पाकीट उघडण्याआधी हे बघा

मुलगी नववीत गेली आणि सॉफ्टबॉलच्या ट्रायआउटला (संघनिवडीच्या चाचणीला) जायचं म्हणतेय? बॅट आणायला धावू नका. आधी शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरला ईमेल करा. पात्रतेचे नियम राज्याची क्रीडा संघटना ठरवते: कॅलिफोर्नियात सीआयएफ, टेक्सासात यूआयएल, न्यू जर्सीत एनजेएसआयएए. त्यामुळे डॅलसच्या मावशीचा सल्ला न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये चालेलच असं नाही. हंगामसुद्धा एक नाही. बहुतेक राज्यांत तो वसंतात असतो, जॉर्जियात ऑगस्टपासून आणि आयोवात चक्क उन्हाळ्याच्या सुट्टीत.

पहिला कागद म्हणजे 'फिजिकल', डॉक्टरच्या सहीचा तपासणी फॉर्म. न्यू जर्सीत तो 365 दिवस चालतो, इलिनॉयमध्ये 395. वॉक-इन क्लिनिकमध्ये साधारण 50 ते 100 डॉलर जातात आणि विमा ते बहुधा देत नाही. सोपा मार्ग असा: मुलीची वार्षिक तपासणी बहुतेक विम्यांत मोफत असते. त्याच दिवशी राज्याचा छापील फॉर्म घेऊन जा आणि सही घ्या. फॉर्म भरण्याचे वेगळे पैसे लागतात का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. शिवाय घरभाड्याचा करार किंवा वीजबिल, पासपोर्ट आणि डोक्याच्या दुखापतीविषयीचं संमतिपत्र तयार ठेवा.

आता शाळेची फी. कॅलिफोर्नियात सार्वजनिक शाळेला खेळासाठी फी घेताच येत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्येच तसा निकाल दिला. तिथे 'देणगी' मागितली जाते. ती ऐच्छिक असते, आणि न देणाऱ्या मुलीला संघाबाहेर ठेवता येत नाही. हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं. ओहायो, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत अनेक शाळा फी घेतात. तिथे दोन प्रश्न विचारा: एका कुटुंबाला कमाल किती, आणि शाळेतल्या सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्यांना माफी आहे का?

गणवेश आणि कॅचरचं सामान बहुधा शाळा देते. ग्लोव्ह, स्पाइक्स आणि अनेकदा बॅट व हेल्मेट तुमच्या खिशातून. हेल्मेटला चेहऱ्याची जाळी सक्तीची आहे. बेसबॉलची बॅट चालत नाही. सॉफ्टबॉलच्या बॅटवरही मान्यतेचा शिक्का लागतो; चारशे डॉलरची बॅट पंचांनी बाजूला ठेवायला लावली तर दुकानदार ती परत घेणार नाही. कोचला फोटो पाठवा, मगच घ्या. पहिल्या वर्षी वापरलेली बॅट पुरते.

खरा खड्डा क्लबचा, म्हणजे शाळेबाहेरच्या खासगी संघाचा. प्रवास आणि हॉटेल धरून वर्षाला काही हजार डॉलर सहज जातात, आणि शाळेच्या संघात येण्यासाठी क्लब सक्तीचा नाही. कॅलिफोर्नियात तर शाळेचा हंगाम चालू असताना बाहेरच्या संघातून सॉफ्टबॉल खेळलं तर पात्रता धोक्यात येते.

किरकोळ गळतीही आहे: ऑनलाइन तिकिटावरची सेवा-फी, सामना पाहायला घेतलेलं आणि दर महिन्याला आपोआप नूतनीकरण होणारं सदस्यत्व.

घर किंवा शाळा बदलणार असाल तर कागदांवर सही करण्याआधी पात्रतेविषयी विचारा. टेक्सासात खेळासाठी शाळा बदलल्याचं ठरलं तर व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य) संघातून किमान वर्षभर बाहेर बसावं लागतं. तिथेच एखाद्या विषयात 70 पेक्षा कमी गुण पडले तर निदान तीन आठवडे सामने बंद.

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं फोनवर नको, ईमेलवर लेखी घ्या.