तंत्रिका-नलिकेचे मिटणे

फलनानंतर तिसऱ्या आठवड्यात मानवी भ्रूणाच्या पाठीकडील पृष्ठावर पेशींचा एक जाड पट्ट दिसू लागतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन परस्परांना मिळतात व एक नलिका तयार होते. हीच तंत्रिका-नलिका होय. मेंदू व मेरुरज्जू हिच्यापासूनच बनतात. तिचे डोक्याकडील टोक सुमारे 25व्या, तर खालचे टोक सुमारे 28व्या दिवशी मिटते. वरचे टोक उघडे राहिल्यास मेंदूची वाढ खुंटते व असे मूल जगत नाही. खालचे उघडे राहिल्यास पाठीच्या कण्यात फट राहते व पाय लुळे पडू शकतात.

28व्या दिवशी मासिक पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ स्त्रियांना तोवर गर्भधारणेची कल्पनाही नसते. आधीच्या गर्भात ही विकृती आढळलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्यास ती पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटते, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. म्हणूनच हे जीवनसत्त्व गर्भ राहिल्याचे कळल्यावर नव्हे, तर त्याआधीच सुरू करावयाचे असते.