दान : हेतु, फळ व रीत

शास्त्रपाठ : मत्तय ६:१-४, रूथ २, २ करिंथ ८:१-२१, योहान ६:२६.

कापूस वेचून धामणगांवच्या बाजारांत गेला व हातीं चार पैसे आले, म्हणजे मंडळ्यांतून दानाची गोष्ट निघते. पेटी पुढें येते, आपण तींत कांहीं टाकतों व मोकळे होतों. परंतु टाकून मोकळें होणें म्हणजे दान नव्हे. ह्या पाठांत आपण तीन प्रश्नांचा विचार करूं. आपण कां देतों? दिलेल्याचें पुढें काय होतें? आणि देण्याची रीत कोणती असावी?

१. हेतु

प्रभु येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत दान करा कीं करूं नका, हें सांगत बसत नाहीं. शिष्य दान करणारच, असें तो धरूनच चालतो. तो विचारतो तें इतकेंच कीं, दान कोणाच्या डोळ्यांपुढें केलें?

ह्या बाबतींत आम्हांस आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. एका नाताळांत आम्हीं एका लहान गांवीं घोंगड्या वाटल्या. नांवें मोठ्यानें वाचलीं, एकेकास सर्वांपुढें उभें केलें, टाळ्या झाल्या. पुढल्या दोन रविवारीं एक विधवा बाई उपासनेस आली नाहीं. घरीं गेलों, तों घोंगडी घडी करून ठेविलेली. ती म्हणाली, "पाळकसाहेब, घोंगडी गरम हाये, पन पांघरली का लोकाईचे डोये टोचतात." त्या दिवशीं आम्हांस तो अध्याय समजला. ऊब तिला द्यावयाची होती; ती आम्हीं आपल्याच मानास दिली.

दुसरा हेतु पुण्य जोडण्याचा. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. त्यांनीं तीर्थोतीर्थीं फिरून ब्राह्मणांस दानें दिलीं व आपलें द्रव्य संपविलें. पोटाचा दुसरा उद्योग अंगीं नव्हता. सन १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत आईबाप व थोरली बहीण हीं तिघें निवर्तलीं. ही हकीकत रमाबाईंनीं स्वतः लिहून ठेविली आहे. त्या सज्जनांस हसण्याचा आपणांस अधिकार नाहीं. पेटींत नाणें टाकून स्वर्गाचा हप्ता भरला, असें मानणारे आपणांतही आहेत. तारण फुकट मिळालें, म्हणून आपण देतों. तें विकत घ्यावें म्हणून नव्हे.

२. फळ

हेतु शुद्ध असला म्हणजे सर्व झालें काय? नाहीं. उपासमार स्वतः भोगलेल्या रमाबाई सन १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों निराश्रित मुलींस घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं त्यांस जेवूं तर घातलेंच, पण वाचन, विणकाम, छापखान्याचें काम व शेती हींही शिकविलीं. अन्न आजचें पोट भरतें. हातचा धंदा उद्याचें भरतो, हें त्यांस आपल्या घरच्या दुःखावरून कळलें होतें.

उलट एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचें आहे. सन २००६ मध्यें वऱ्हाडचे पांच व वर्धा मिळून सहा जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीं सरकारनें मोठी मदत जाहीर केली. त्या काळांत अनुदानावर संकरित गाई वांटण्यांत आल्या. हेतु चांगला होता. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याजवळ हिरवा चारा कोठून? कित्येकांच्या घरीं माणसांपेक्षां गाईचाच खर्च अधिक होऊं लागला व त्यांस ती विकावी लागली. देणाऱ्यानें घेणाऱ्याच्या ओसरीवर बसून आधीं विचारलें असतें, तर ही गोष्ट टळती.

बवाजानें कसें केलें पाहा. त्या दिवशीं त्यानें रूथेस पदरांत पोतें ओतून घरीं धाडलें नाहीं. कापणाऱ्यांस हळूच सांगितलें कीं, पेंढ्यांतून कांहीं मुद्दाम गळूं द्या. तिनें आपल्या हातांनीं सरवा वेंचला. तिचें पोट भरलें व मानही राहिला.

तथापि ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, भुकेल्यास आधीं उपदेश करावा. सन १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळून गेला. सन १८९१ ची सुमारें २९ लाखांची वस्ती सन १९०१ च्या खानेसुमारींत साडेसत्तावीस लाखांवर आली. अशा वेळीं आधीं भाकर, मग धंदा.

३. रीत

पहिली गोष्ट : दान हें आमिष नसावें. दुष्काळांत आमच्या वाडवडिलांनीं भाकरीसाठीं धर्म सोडला, असा टोमणा आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकला आहे. त्यावर रागावण्यापूर्वीं आपण आपलें अंतःकरण तपासावें. प्रभूनें हजारोंस जेवूं घातलें. दुसऱ्या दिवशीं ते भाकरीसाठींच मागें आले, तेव्हां त्यानें तें त्यांस स्पष्ट सांगितलें. पण आदल्या दिवशीं भाकर देतांना त्यानें अट घातली नव्हती. चांगल्या शोमरोन्यानें जखमी मनुष्याची जात विचारली नाहीं. म्हणून उपदेशकबंधूंनो, धान्याच्या पोत्याशीं बाप्तिस्म्याची गांठ बांधूं नका. पोत्यानें ओढलेला मनुष्य पोतें सरलें कीं जातो. आणि त्याच्या विश्वासाचा अपमान आपणच केलेला असतो.

दुसरी गोष्ट : हिशेब उजेडांत असावा. पौलासारखा प्रेषित वर्गणी नेतांना तीताबरोबर मंडळ्यांनीं निवडलेले बंधु घेतो, कारण देवापुढेंच नव्हे, तर माणसांपुढेंही निर्मळ दिसावें, अशी त्याची इच्छा होती. आपल्याच अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं सन १८७६ त जन्मलेले गाडगे महाराज ख्रिस्ती नव्हते. परंतु ह्या बाबतींत ते आपणांस लाजवितात. लोकांनीं दिलेल्या पैशांतून त्यांनीं पंढरपूर, नाशिक वगैरे ठिकाणीं धर्मशाळा उभारल्या. स्वतः अंगावर चिंध्या व हातांत गाडगें ठेविलें. गांवांत आले कीं आधीं झाडू घेत, मग भाकर घेत. आपल्या मंडळीची पेटी दोघांनीं मिळून मोजावी, आणि आंकडा उपासनेंत वाचावा. देणाऱ्याचें नांव झांकावें. पैशाचा हिशेब मात्र झांकूं नये.

तिसरी गोष्ट : घेणाऱ्यासही देऊं द्यावें. मासेदोनियाच्या मंडळ्या कंगाल होत्या, तरी त्यांनीं देण्याची परवानगी आग्रहानें मागितली. त्या विधवा बाईची आम्हीं क्षमा मागितली. निघतांना तिनें मडक्यांतून मूठभर ज्वारी काढून आमच्या रुमालांत बांधली व म्हटलें, "हे आजारी मानसाच्या घरीं द्या. नाव सांगू नका." आम्ही सेमिनरींत पुष्कळ शिकलों, पण दानाचा पाठ तिच्या ओसरीवर पुरा झाला. पुढल्या रविवारीं ती आपल्या जागीं येऊन बसली.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. मागील दान आपण कोणाच्या डोळ्यांपुढें केलें?
२. आपल्या गांवांत ज्यास मदत हवी, त्यास काय हवें, हें आपण त्यालाच विचारलें काय?
३. आपल्या पेटीचा हिशेब कोण कोण पाहतो?

ह्या आठवड्याचें काम : प्रत्येक घरीं रोज स्वयंपाकापूर्वीं मूठभर धान्य निराळ्या मडक्यांत टाकावें. शनिवारीं दोघांनीं तें मोजून एका गरजू घरीं, मग तें कोणत्याही धर्माचें असो, अंधार पडल्यावर पोहोंचतें करावें. जो पिता गुप्तपणें पाहतो, त्याला तेवढें पुरे आहे.