गोवराचे गणित

(इयत्ता सातवी)



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय 'आरोग्य' आहे. हवेतून पसरणारे विषाणूंचे रोग वर्षानुवर्षे आटोक्यात कसे ठेवायचे, यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. असे रोग पुष्कळ आहेत. सगळ्यांवर थोडं थोडं लिहिण्यापेक्षा मी त्यातला एकच, म्हणजे गोवर, निवडला आहे. गोवर अडवायचं गणित आपल्या शेकडेवारीनं सुटतं. शिवाय आपल्या गावातली माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि त्यांच्या लेकरांचा या गणिताशी फार जवळचा संबंध आहे.

गोवर कसा पसरतो?

गोवर विषाणूमुळे होतो. आजारी मूल खोकलं किंवा शिंकलं की विषाणू हवेत मिसळतात. ते मूल निघून गेलं तरी बंद खोलीच्या हवेत ते दोन तासांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे एखादं आजारी बाळ सकाळी अंगणवाडीत बसून घरी गेलं आणि तासाभरानं दुसरं बाळ तिथं आलं, तर दोघांची गाठ न पडताही गोवर लागू शकतो.

सुरुवातीला ताप, खोकला, वाहणारं नाक आणि लाल डोळे एवढंच दिसतं. घरच्यांना वाटतं, साधं पडसं आहे. मग तीन-चार दिवसांनी कानामागे व तोंडावर पुरळ उठतं आणि अंगभर उतरतं. पण पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच ते मूल इतरांना रोग देत असतं. घरच्यांना गोवर कळायच्या आत तो शेजारी पोहोचलेला असतो. म्हणून आजारी मुलाला वेगळं ठेवायलाच हवं, पण तेवढ्यानं भागत नाही.

'गोवर सगळ्यांनाच येतो आणि जातो,' असं जुनी माणसं म्हणतात. पुष्कळ मुलं बरी होतात हे खरं. पण काहींना न्यूमोनिया होतो, काहींना जोराचे जुलाब लागतात, काहींची दृष्टी जाते. अशक्त बाळं दगावतात. गोवराचा विषाणू मारणारं औषध नाही. दवाखान्यात 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात, त्यामुळे डोळ्यांचा आणि जिवाचा धोका कमी होतो. म्हणून देवीचा कोप समजून मुलाला घरात ठेवू नये. घरात कडुलिंबाचा पाला लावायचा तर लावा, पण मुलाला दवाखान्यात न्याच.

आता गणित

जिथं कोणीच लस घेतलेली नाही आणि कोणाला पूर्वी गोवर झालेला नाही, तिथं एक रोगी १२ ते १८ जणांना गोवर देतो. आपण मधली संख्या १५ धरू. पहिल्या फेरीत १५ रोगी, दुसऱ्या फेरीत १५ × १५ = २२५, तिसऱ्या फेरीत ३३७५! एक फेरी साधारण दहा ते चौदा दिवसांची. दीड महिन्यात सगळा गाव संपला.

आता समजा, त्या १५ पैकी १४ जणांच्या अंगात गोवराशी लढायची शक्ती आहे. मग रोग एकालाच लागेल. तो एक पुढं एकाला देईल. रोग वाढणार नाही, पण संपणारही नाही. १४ पेक्षा जास्त जणांत शक्ती असेल, तरच तो विझत जाईल. १५ पैकी १४ म्हणजे शेकडा ९३ पेक्षा थोडे जास्त. म्हणून दर १०० मुलांमागे किमान ९५ मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळाले पाहिजेत, असं आरोग्यशास्त्र सांगतं.

दोन डोस कशाला? एकानं का भागत नाही? लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईकडून आलेली शक्ती बाळाच्या अंगात असते आणि ती लसीचं काम होऊ देत नाही. ९ महिन्यांना डोस दिला तर १०० पैकी सुमारे ८५ बाळांच्या अंगात शक्ती तयार होते, १५ बाळं तशीच राहतात. म्हणजे गावातल्या प्रत्येक बाळाला पहिला डोस मिळाला तरी आकडा ८५ वरच अडतो. आपल्याला तर ९३ च्या वर जायचं आहे. दुसरा डोस दिला की राहिलेल्यांपैकीही बहुतेकांत शक्ती येते आणि आकडा ९५ च्या पुढे जातो. तेव्हा दुसरा डोस 'जास्तीचा' नव्हे. त्याच्याशिवाय गणित सुटतच नाही.

हे काम कधी संपतं का?

गोवराची पहिली लस १९६३ मध्ये आली. त्याआधी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसं गोवरानं मरत, आणि त्यांत बहुतेक लहान मुलं असत. आपल्या देशात १९८५ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली. दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. २०१७ मध्ये गोवर आणि रुबेला या दोन्ही रोगांवरच्या एकत्र लसीची मोठी मोहीम सुरू झाली. २०१८ मध्ये ती महाराष्ट्रात शाळाशाळांतून झाली.

मग एवढं केल्यावर बास नाही का? नाही. शेताचा बांध एकदा घातला म्हणून कोणी सोडून देतं का? दर पावसाळ्याआधी तो बघावा लागतो. तसंच दरवर्षी गावात नवी बाळं जन्मतात आणि त्यांच्या अंगात शक्ती नसते. एखाद-दोन वर्षं लक्ष दिलं नाही की बांधाला भगदाड पडतं.

याची दोन उदाहरणं सांगते. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, बऱ्याच बाळांच्या लसी राहून गेल्या. पुढं २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली आणि बाळं दगावली. तेव्हा लसीच्या जादा मोहिमा घ्याव्या लागल्या. दुसरं उदाहरण अमेरिकेचं. तिथं २००० साली गोवराचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं होतं. पण २०२५ मध्ये टेक्सास राज्यात, जिथं लस न घेतलेले लोक जास्त होते तिथं, सातशेहून अधिक जणांना गोवर झाला. लस न घेतलेली दोन मुलं मरण पावली. श्रीमंत देशातसुद्धा बांध फुटतो.

ऊसतोडीची लेकरं

दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. म्हणजे पुष्कळ बाळांचा डोस नेमका फडावर असतानाच येतो. कार्ड गावी पेटीत राहतं. इथल्या आशाताईंना बाळ सापडत नाही, तिथल्या नर्सबाईंना बाळ आल्याचं माहीत नसतं. फडावर कोप्या एकमेकींना लागून असतात. एका बाळाला गोवर झाला तर पसरायला वेळ लागत नाही.

माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता तेव्हा आई-बाबा सांगली जिल्ह्यात होते. आईनं लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भाकरीच्या पिठाच्या डब्यावर ठेवलं होतं, म्हणजे रोज नजरेला पडावं. तिथल्या उपकेंद्रात तिनं ते दाखवलं आणि भावाला डोस मिळाला. पैसे लागले नाहीत. कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात ही लस फुकट मिळते. वेळ चुकली तरी पाच वर्षांच्या आत डोस देतात. म्हणून पालकांना विनंती, की उचल घेताना जशी तारीख विचारता, तशी निघायच्या आधी आशाताईंना डोसाची तारीखही विचारा.

बाकीचे विषाणू

गोवराचा विषाणू आपल्या लसीला चकवेल असा बदलत नाही आणि तो माणसातच राहतो. फ्लूचं तसं नाही. तो पक्षी आणि डुकरांतही असतो व सतत रूप बदलतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली होती. अशा विषाणूवर कायम पहारा लागतो. १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटना हे काम करते. निरनिराळ्या देशांतले नमुने तपासून वर्षातून दोनदा फ्लूच्या लसीत काय घालायचं ते ठरवतात. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था असे नमुने तपासते. कोरोनाही रूप बदलतो. त्याची लस घेऊनही तो होऊ शकतो, पण जिवावर बेतण्याचा धोका बराच कमी होतो.

मात्र काही नियम सगळ्यांनाच लागू आहेत:

१. वर्गाच्या आणि घराच्या खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवाव्यात. थंडीतही थोड्या तरी उघडाव्यात.

२. खोकताना तोंडावर रुमाल किंवा हाताचा कोपरा धरावा.

३. ताप-खोकला असताना शाळेत येऊ नये आणि गुरुजींनीही हजेरीसाठी बोलावू नये.

४. ताप आणि पुरळ दिसलं की लगेच आशाताईंना कळवावं. एका घरानं कळवलं तर सगळी वस्ती वाचते.

सोडवून पाहा

एका वस्तीत ४० लहान मुलं आहेत. शेकडा ९५ प्रमाणे किती मुलांचे दोन्ही डोस व्हायला हवेत?

उत्तर: ३८. म्हणजे फक्त दोनच जागा मोकळ्या राहतात. त्या जागा आजारपणामुळे ज्यांना लस देताच येत नाही अशा मुलांसाठी आहेत. आपल्या घरातलं धडधाकट लेकरू तिथं बसवू नका. आज घरी गेल्यावर कार्ड काढा आणि दुसऱ्या डोसापुढे तारीख लिहिली आहे का ते पाहा.